जर्मनीत एका सत्रापुरतं शिकवायला: वर्गाबाहेरच्या दिवसांचं काय करायचं?

अनुस्वार

हायडेलबर्गला हिवाळी सत्रासाठी शिकवायला आले आहे. निघण्यापूर्वी व्हिसा, विमा, करारपत्र याबद्दल सांगणारे खूप भेटले. मंगळवारी दुपारी वर्ग संपला की गुरुवार सकाळपर्यंत माणूस काय करतो, हे मात्र कुणी सांगितलं नाही. या मंचावर बरेच जण एखाद्या सत्रापुरते किंवा वर्षापुरते बाहेर शिकवून आलेले आहेत, म्हणून धागा काढते आहे.

आधी कामाबद्दल, कारण इथला दिवस त्यावरच बेतलेला असतो. हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. प्रत्यक्ष वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, मध्ये नाताळची सुट्टी. एक तासिका दीड तासाची असते. वेळापत्रकात १० ते १२ असं छापलेलं असतं, पण शिकवणं सव्वादहाला सुरू होतं आणि पावणेबाराला थांबतं. हा पाव तास विद्यापीठांची फार जुनी रीत आहे आणि सगळे ती पाळतात. तासिका संपली की मुलं बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. ती इथली टाळी. दिवस कितीही खराब गेलेला असो, तो आवाज आला की मला बरं वाटतं.

पाहुण्या अध्यापकाला आठवड्यातून मोजकेच वर्ग असतात. तयारी असते, विद्यार्थ्यांना भेटायची ठरलेली वेळ असते, पण त्यापलीकडे मोकळा वेळ खूप उरतो. आपल्याकडच्यासारखी स्टाफरूम नाही. लांब मार्गिका, बंद दारं, दारावर नाव आणि भेटीची वेळ. सहकारी येतात, काम करतात, घरी जातात. कुणी तुटकपणे वागत नाही, पण आपणहून दार वाजवून 'चहाला येता का' असंही कुणी म्हणत नाही. पुढाकार आपण घ्यावा लागतो, आणि तो पहिल्या दोन आठवड्यांतच घ्यावा, कारण नंतर सगळ्यांची सत्राची घडी बसून जाते.

मला उपयोगी पडलं ते दुपारचं जेवण. इथे लोक बाराच्या सुमाराला मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या भोजनालयात जातात. जुन्या गावातल्या मार्श्टालच्या मेन्झात आपणच ताट वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे, त्यामुळे शाकाहारी माणसाचीही सोय होते. डबा खोलीत बसून खाण्याऐवजी मी तिथे जाते आणि ते कामाचाच भाग धरते. कुठला अर्ज कुणाकडे द्यायचा, कुठला विद्यार्थी अडचणीत आहे, नेकार नदीच्या पलीकडची फिलोझोफेनवेग ही डोंगरउतारावरची पायवाट उन्हाच्या दिवशी का चुकवू नये, हे सगळं मला त्या टेबलावर कळलं.

माझं ठाम मत असं झालंय की चार-पाच महिन्यांसाठी आलात तरी घर मांडा. बॅगेतून कपडे काढून कपाटात ठेवा, ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यात करा, एखाद्या संध्याकाळच्या वर्गाला किंवा गायनवृंदाला नाव घाला. 'थोडेच दिवस तर आहेत' असं म्हणत राहिलेल्यांना नोव्हेंबर फार जड जातो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. पाच वाजता खिडकीबाहेर काळोख आणि पुढे आख्खी संध्याकाळ, याची तयारी मनाने आधीच करून ठेवावी.

तुमचे अनुभव सांगा. मतभेद असतील तर तेही लिहा.

दूरदेश

छान धागा. मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ग्यॉटिंगेनला वर्षभर होतो. युरोआधीचा, जर्मन मार्क या चलनाचा जमाना. तेव्हा दुकानं रोज संध्याकाळी साडेसहाला बंद व्हायची, गुरुवारी तेवढी साडेआठपर्यंत उघडी, आणि शनिवारी बहुतेक वेळा दुपारी दोनलाच कुलूप. १९९६ मध्ये कायदा बदलला आणि रोज आठपर्यंत उघडी ठेवायला परवानगी मिळाली. वर्ग संपवून धावत दुकान गाठायचं, हा आम्हा पाहुण्या मंडळींचा रोजचा व्यायाम होता. रविवार मात्र तेव्हाही बंद आणि आजही बंद.

त्या बंद रविवारावर माझं प्रेम जडलं. ग्यॉटिंगेनच्या जुन्या गावाभोवती तटाच्या जागी झाडांनी भरलेली उंच पायवाट आहे. तासाभरात गावाला प्रदक्षिणा होते. रविवारी सकाळी सगळं गाव त्या वाटेवर. तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर लोक ओळख दाखवू लागले, मग दोन वाक्यं बोलू लागले, आणि वसंत ऋतूपर्यंत मला दोन घरांतून केक खायला बोलावणं आलं. जर्मन माणसाला तुम्ही पुन्हा पुन्हा दिसावे लागता. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी दिसत राहा, एवढंच सांगेन.

तिथली दुसरी आवडती गोष्ट म्हणजे बाजारचौकातली हंसवाली मुलगी, गेन्झेलीझल. पीएचडी झालेला विद्यार्थी सजवलेल्या हातगाडीतून मित्रांसोबत येतो, कारंज्यावर चढतो आणि त्या पुतळ्याचं चुंबन घेऊन फुलं वाहतो. माझ्या वर्गात बसलेला एक मुलगा तिथे चढला तेव्हा मी खाली उभा होतो. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

ताई, एका गोष्टीत थोडी भर घालतो. वर्ग इंग्रजीत असला तरी जर्मन शिकायला सुरुवात करा, अगदी शेवटच्या महिन्यात उमेद आली तरी. फोल्क्सहोखशूलं, म्हणजे नगरपालिकांच्या प्रौढ शाळा, गावोगाव आहेत आणि शुल्क परवडणारं असतं. तिथे तुम्ही पुन्हा विद्यार्थी होता. सकाळी शिकवायचं आणि संध्याकाळी कुणाकडून तरी शिकायचं, यातून माझ्या शिकवण्यात फरक पडला. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो.

शमी

अगदी योग्य वेळी धागा आला! एप्रिलपासून लाइपझिगला उन्हाळी सत्र शिकवायला जाते आहे. सोबत नवरा आणि सात वर्षांची मुलगी. डोक्यात प्रश्नांची गर्दी आहे. घर आधी भाड्याने घ्यावं की जाऊन शोधावं? मुलीच्या शाळेचं काय? चार महिन्यांसाठी शाळेत घालणं तिला जड जाईल का? आणि नवरा दिवसभर काय करेल?

गणितगप्पा

मी बॉनला गणित शिकवून आलो. घरांविषयी अनुस्वार सांगतीलच, मी वर्गाविषयी लिहितो, कारण नव्याने जाणाऱ्या शिक्षकाचा दिवस सगळ्यात जास्त त्यात जातो.

गुणांची पद्धत उलटी आहे. १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. मधल्या पायऱ्या ठरलेल्या: १.३, १.७, २.० अशा. गणितात दर आठवड्याला गृहपाठाचा कागद द्यायचा असतो, तो सहायक तपासतात, आणि साधारणपणे निम्मे गुण मिळवल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. तोंडी परीक्षा घ्यायची असेल तर खोलीत तुमच्यासोबत आणखी एक जाणकार बसतो आणि टिपण ठेवतो. लेखी परीक्षा झाल्यावर विद्यार्थ्याला तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क असतो. त्यासाठी एक दिवस जाहीर करतात. मुलं येतात, एकेक गुण विचारतात, नम्रपणे आणि न घाबरता. मला ती पद्धत इतकी पटली की परत आल्यावर माझ्या वर्गात मी ती सुरू केली आहे.

हजेरी बऱ्याच ठिकाणी सक्तीची नसते. पहिल्या आठवड्यात वर्ग भरलेला असतो, तिसऱ्या आठवड्यात अर्धा. तुमच्या शिकवण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. सुरुवातीला मुलं अनेक वर्ग चाखून बघतात आणि मग निवडतात. जी उरतात ती मनापासून बसतात. प्रश्न विचारताना 'सर' वगैरे काही नाही, थेट मुद्दा. 'तुम्ही तिसऱ्या ओळीत जे गृहीत धरलं ते कशावरून?' असं वीस वर्षांचं पोर विचारतं आणि उत्तराची वाट बघत थांबतं. अशा वर्गात उभं राहायला मला फार आवडलं.

अनुस्वार

@शमी, घर जमेल तितकं इथे येण्याआधीच ठरवून या. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला पहिलाच ईमेल अतिथिगृहाविषयी लिहा. बहुतेक विद्यापीठांची अतिथिगृहं असतात आणि ती लवकर भरतात. खासगी घर घेत असाल तर पैसे पाठवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: नोंदणीसाठी घरमालकाचा दाखला मिळेल का? राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी तो दाखला लागतो. मी आधी पाहिलेल्या एका घराचा मालक भाडं घ्यायला तयार होता पण दाखला द्यायला नाही. ते घर मी घेतलं नाही. पत्त्याची नोंद नसेल तर बँक खात्यापासून पुढचं सगळं अडतं. नोंदणीनंतर करक्रमांक पोस्टाने घरी येतो, त्यामुळे दारावरच्या पत्रपेटीवर तुमचं आडनाव लावलेलं हवं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

त्याच पत्रपेटीत काही दिवसांनी सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल. घरी टीव्ही असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. ते खरं पत्र असतं, फेकून देऊ नका. त्याच घरात आधीपासून कुणी ती भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवला की तुम्हाला वेगळी भरावी लागत नाही.

विम्याचं तुमच्या कराराच्या प्रकारावर अवलंबून आहे. विद्यापीठाच्या पगारावर असाल आणि सरकारी आरोग्य विम्यात गेलात, तर उत्पन्न नसलेला जोडीदार आणि मूल त्याच हप्त्यात येतात. शिष्यवृत्तीवर येणाऱ्यांना किंवा नुसत्या तासिका-करारावर शिकवणाऱ्यांना आपली सोय आपण करावी लागते. करारपत्र हातात आलं की आधी हे विचारून घ्या. नेहमीची औषधं आणि त्यांची चिठ्ठी सोबत आणा, इथे प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचा प्रसंग असेल तर ११२. दोन्ही क्रमांक मुलीलाही शिकवून ठेवा.

आणि खिडक्या! थंडीतही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. घरमालक हे फार मनावर घेतात, आणि ते बरोबरच आहे.

निळाई

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझा नवरा वर्षभर ड्रेस्डेनला शिकवत होता, मी इथे, सासूबाई आणि दोन मुलांसोबत. धाग्यात जाणाऱ्यांच्या एकटेपणाविषयी लिहिलं आहे, ते खरंच आहे. पण मागे राहणाऱ्यांचाही दिवस बदलतो, तेही कुठेतरी लिहिलं जावं.

उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, घड्याळं मागे गेली की साडेचार. हा एक तास कागदावर किरकोळ दिसतो. पण त्याचा संध्याकाळचा मोकळा वेळ आणि मुलांची झोपायची वेळ यांची गाठच पडेना. तो सातला घरी यायचा, तेव्हा इथे साडेअकरा वाजलेले. मग आम्ही फोन त्याच्या दुपारच्या जेवणाच्या वेळी घ्यायला लागलो. त्याचे साडेबारा, आमचे पाच. मुलं शाळेतून आलेली, सासूबाईंचा चहा चाललेला. तो मेन्झाबाहेरच्या बाकावर बसून बोलायचा, मागे सायकली जाताना दिसायच्या. रात्रीच्या थकलेल्या फोनपेक्षा तो पाव तास खूप बरा होता. वर्ग असायचा त्या दिवशी फोन नाही, हे मुलांनाही ठाऊक होतं.

आणखी एक. तिथल्या अडचणी आम्हाला सांगायच्या नाहीत आणि इथल्या त्याला सांगायच्या नाहीत, असं सुरुवातीला दोघांनीही आपापल्या मनाशी ठरवलं होतं. त्यातून फोनवर बोलायला काही उरेना. सासूबाई पडल्या आणि पायाला प्लास्टर घालावं लागलं, ते मी त्याला त्याच दिवशी कळवलं. तो फार अस्वस्थ झाला, पण त्या फोननंतर आम्ही पुन्हा नीट बोलू लागलो. जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की कळवत राहा आणि विचारत राहा.

दूरदेश

निळाईताई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो थोडा वेळ. आमच्या काळी फोन महाग, पत्राला आठवडा-दीड आठवडा. घरची बातमी कळेपर्यंत ती शिळी झालेली असायची. तुम्ही लिहिलंत ते जाणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं.

सायंतारा

अनुस्वार, हायडेलबर्गला आहात तर गुंथर सोन्थायमर यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत ते होते. खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांच्यावर त्यांनी काम केलं आणि त्यासाठी महाराष्ट्रात धनगरांच्या वाड्यांवर हिंडले. १९९२ मध्ये गेले. आपण शिकवायला तिकडे जातो तेव्हा तिकडून एक माणूस इतकं मन लावून आपल्याकडे शिकायला आला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अनुस्वार

@सायंतारा, हो! संस्थेच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांची कपाटं आहेत. पावसाळी दुपारी मी तिथे जाऊन बसते. परक्या गावात मराठी अक्षरं कण्यावर छापलेली पुस्तकं ओळीने उभी दिसणं, हे सुख लिहून सांगता येत नाही.

@निळाई, तुमच्या प्रतिसादानंतर मी आईला दुपारी फोन करायला लागले आहे.

वाटाड्या७

लाइपझिगविषयी मी सांगतो, दोन वर्षं तिथे होतो.

@शमी, मुलीला शाळेत घालावंच लागेल. मूल तिथे राहायला आलं की शाळा सक्तीची असते. सात वर्षांची म्हणजे ग्रुंडशूल, प्राथमिक शाळा. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी झाक्सेन राज्यात (लाइपझिग त्यातच येतं) तयारीचे वर्ग असतात, त्याची चौकशी आताच करा. शाळा दुपारी सुटते, पुढे होर्ट नावाची सोय असते. तिथे मुलं खेळतात, गृहपाठ करतात. माझं मत विचाराल तर भाषा तिला शाळेपेक्षा होर्टमध्ये लवकर येईल, कारण खेळताना बोलावंच लागतं. तिकडची मुलं लहानपणापासून एकटी चालत शाळेत जातात. ती तसा हट्ट धरेल. आधी आठवडाभर सोबत चाला, रस्ता नीट दाखवा, मग जाऊ द्या.

उन्हाळी सत्राचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे उजेड. जूनमध्ये साडेनऊपर्यंत दिवस असतो. मुलीला झोपवायला जाड पडदे लागतील, ते घरात आहेत का बघा. शहराच्या दक्षिणेला कोस्पुडेनर झे हा तलाव आहे. तिथे पूर्वी लिग्नाइट या कोळशाची उघडी खाण होती. खाण बंद झाल्यावर पाणी भरलं, आता लोक पोहायला जातात. गावातून जंगलातल्या सायकलवाटेने तिथे पोचता येतं. जुन्या सायकली विकत घ्या आणि जाताना विका, मोठं कुलूप मात्र नवं घ्या, चोऱ्या होतात.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला थोमासकिर्शं या चर्चमध्ये मुलांचा गायनवृंद गातो, सुट्ट्यांचे दिवस सोडून. संगीतकार बाख १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्याच वृंदाचा प्रमुख होता. अगदी थोड्या पैशांत बसायला मिळतं. मी पाश्चात्त्य संगीतातलं काही जाणत नव्हतो. आठवडाभर परक्या भाषेत बोलून मन शिणायचं आणि तिथे बसल्यावर मोकळं व्हायचं.

तुमच्या यजमानांबद्दल. 'तो काय करेल' हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण मला तो पहिला वाटतो. आपल्याला वर्ग असतो, विद्यार्थी असतात, दारावर नाव असतं. सोबत आलेल्याला यातलं काही नसतं. त्यांना भाषावर्गाला पहिल्याच आठवड्यात घाला, आणि शाळेच्या बैठकांना त्यांनाच जाऊ द्या. ओळखी त्यांच्या आधी होतील, मग तुमच्या.

शमी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. नवऱ्याला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. शाळेच्या बैठकांचं त्याला पटलं. निघतानाचं काही असेल तर तेही सांगून ठेवा, तेव्हा विचारायला वेळ मिळणार नाही.

अनुस्वार

निघतानाची कामं बरीच आहेत. पत्त्याची नोंद रद्द करायची, आणि ते घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येतं. त्याचा कागद जपून ठेवा, रेडिओची वर्गणी थांबवायला तोच लागतो. 'डॉइचलांडटिकेट' घेतलं असेल, म्हणजे सगळ्या लोकल गाड्या, ट्राम, बसचा महिन्याचा पास, तर तो त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावा लागतो, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. हा पास २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३ आहे. वेगवान आयसीई गाड्यांना तो चालत नाही. बँक खातं लगेच बंद करू नका, घराची अनामत काही आठवड्यांनी परत येते.

आणि गणितगप्पांनी लिहिलं नाही, कारण गणितात परीक्षा असते, पण आमच्या विषयांत मुलं सत्राअखेरीस दीर्घ निबंध लिहितात. वर्ग फेब्रुवारीत संपतात आणि निबंध द्यायची मुदत बहुतेकदा मार्चअखेर असते. तुमचं उन्हाळी सत्र जुलैत संपेल, निबंध सप्टेंबरात येतील. तेव्हा तुम्ही घरी पोचून तिथलं शिकवणं सुरू केलेलं असेल. तपासणीसाठी तेव्हाचा वेळ आत्ताच राखून ठेवा, आणि विद्यापीठाचा ईमेल तोपर्यंत चालू राहील ना, हे जुलैमध्येच कार्यालयाला लेखी विचारून घ्या.